बारा सेकंदांसाठी दहा वर्षे

पुणे–नाशिक रस्त्याने खेड ओलांडले की मंचर येते, पुढे नारायणगाव, मग आळेफाटा. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत यात्रेच्या गावाला बहुधा घाट असतो. गावाबाहेरच्या चढावर माती टाकून, दाबून, पाणी मारून तयार केलेली ही बैलगाड्याची धाव. खाली गाडा जुंपतात, वर निशाण असते आणि दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर माणसांची दाटी असते. एका वेळी एकच गाडा पळतो. शेजारी दुसरा प्रतिस्पर्धी नसतो, शर्यत असते ती घड्याळाशी. चांगला गाडा बारा-तेरा सेकंदांत वर पोचतो. सेकंदांच्या हिशेबाने नंबर लागतात, एका नंबरात आलेले गाडे बक्षीस वाटून घेतात आणि सगळ्यांत कमी वेळ घेणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो.

सातारा-सांगलीकडे छकड्या पळतात, विदर्भात शंकरपट भरतो. त्यांच्यापेक्षा खेड, मावळ, शिरूर, आंबेगाव आणि जुन्नर या पट्ट्याची रीत निराळी आहे. इथे गाड्याला चार बैल असतात, पुढे जुकाटाचे दोन आणि मागे धुरेचे दोन. त्यांच्याही पुढे घोडी धावते आणि स्वाराला ती गाड्याच्या पुढेच ठेवावी लागते. गाड्यावर मात्र सहसा कोणी बसत नाही. खाली बैलांना धरणारी माणसे हात सोडून बाजूला होतात आणि तिथून वरपर्यंतचा रस्ता बैलांचा असतो. महाराष्ट्राच्या कायद्यानेही ही रीत नोंदवून ठेवली आहे. बैलगाडा शर्यतीची व्याख्या करताना त्यात गाडीवानासह किंवा गाडीवानाशिवाय, असे दोन्ही प्रकार स्पष्ट धरले आहेत.

मग मालकाला यात काय मिळते? तो गाड्यावर नसतो, कासरा त्याच्या हाती नसतो, आणि बारी, म्हणजे गाड्याची पाळी, सुटली की त्याच्या हातात काहीच उरत नाही. पण त्याची गाडी हाकण्याची कला त्याआधीच्या वर्षभरात लागलेली असते. कोणता बैल जुकाटाला शोभतो आणि कोणता धुरेला, डावीकडून कोण ओढतो आणि उजवीकडे कोण बिचकतो, कोणत्या दोघांची पावले एकमेकांशी जुळतात, हे पाहण्यात हंगाम जातात. एक बैल आपल्या दावणीचा, दुसरा भावकीतला, तिसरा शेजारच्या गावच्या दोस्ताचा, अशी मोट बांधून गाडा उभा राहतो. बैलांना रोज फिरवायचे, पाण्यात पोहणी घालायची, कडब्याबरोबर भरडा, दूध, अंडी असा खुराक द्यायचा, खुरांकडे आणि खांद्याकडे लक्ष ठेवायचे. एवढ्या सगळ्या मेहनतीचा निकाल बारा सेकंदांत लागतो. निवेदकाची ‘भिर्रर्र’ आरोळी उठते, गुलाल उधळतो आणि मालक बैलांच्या मागे वरच्या टोकाकडे धावत सुटतो.

गाड्याचेही असेच. शेतातल्या बैलगाडीचा साटा, कठडे, धान्य आणि माणसे वाहण्याची सोय यांतले काहीही शर्यतीच्या गाड्यावर नसते. दोन चाके, आख, दांडी आणि जू. ज्याच्यावाचून गाडा पळेल ते सगळे काढून टाकायचे आणि उरेल ते घट्ट बसवायचे. जगात दुसरीकडे मोटारींच्या शौकिनांनीही हाच मार्ग धरला होता. इंग्लंडमधल्या कॉलिन चॅपमन या अभियंत्याने १९५२ मध्ये लोटस ही कंपनी काढली, ती इंजिन मोठे करण्यापेक्षा गाडीचे वजन उतरवण्यावर भर देणारी. १९५७ च्या त्याच्या लोटस सेव्हनला धड दारेही नव्हती. नंतरच्या काळात, १९९६ साली आलेली लोटसची एलिस जेमतेम सव्वासातशे किलोंची होती. अशा गाड्यांचे मालक एकत्र आले की वळणावर गाडी कशी बोलते, हाताला रस्ता कसा कळतो, याच गोष्टी करतात. जुन्नरच्या बाजारात दोन गाडामालक भेटले की त्यांच्याही गप्पा याच जातीच्या असतात, फक्त त्यांच्या गाड्याला पुढे जीव जुंपलेला असतो. हा फरक साधा नाही. पुढे दहा वर्षे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वाद चालला तो याच फरकावर.

हा शौक वाढला त्यामागे या दोन तालुक्यांच्या शेतीचा इतिहास आहे. कुकडी प्रकल्पातली येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे याच भागातली. डिंभ्याच्या पाण्याखाली तर जुने आंबेगाव गावच गेले. पाणी आले तसा ऊस आला, नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरचा कांदा आला, साखर कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यामागून ट्रॅक्टर आला. नांगरणी, वखरणी, वाहतूक ही बैलाची कामे एकेक करून गेली. हिशेब फक्त कामाचा असता तर गोठे तेव्हाच रिकामे व्हायचे. ते झाले नाहीत, कारण यात्रा शिल्लक होती. माणदेशातला खिलार किंवा कर्नाटकातला म्हैसुरी खोंड निवडून आणायचा, त्याला दोन-तीन वर्षे वाढवायचे आणि गावच्या देवासमोर पळवायचे, हे कारण बैल दावणीला ठेवायला पुरेसे होते. आंबेगाव तालुक्यात नागापूरजवळ थापलिंगच्या खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. तिथे नवसाचे गाडे पळवायचा मान घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. त्यात बक्षिसापेक्षा नवस फेडल्याचे समाधान मोठे असते.

११ जुलै २०११ रोजी दिल्लीत निघालेल्या एका अधिसूचनेने हे सारे थांबण्याच्या वाटेला लागले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या कलम २२ नुसार केंद्र सरकार काही प्राण्यांना खेळासाठी शिकवायला आणि खेळांत दाखवायला मनाई करू शकते. १९९० च्या दशकातल्या त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह होते. जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना त्यांच्या रांगेत बैल येऊन बसला. पाठोपाठ ऑगस्टमध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या शर्यतींना मनाई केली. आयोजक मुंबई उच्च न्यायालयात गेले. मार्च २०१२ मध्ये न्यायालयाने मनाई कायम ठेवली. वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि तिथे तो तमिळनाडूच्या जल्लिकट्टू या बैलांच्या खेळाशी जोडला गेला.

७ मे २०१४ रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने निकाल दिला. प्राणी कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराज या नावाने तो ओळखला जातो. तमिळनाडू, महाराष्ट्र किंवा देशात कुठेही बैलांना जल्लिकट्टूत किंवा गाडा शर्यतीत वापरता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. बैलाच्या शरीराची ठेवण घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, तो ओझे ओढणारा प्राणी आहे, भीती आणि वेदना झाल्याशिवाय तो असा धावत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद होता. प्राण्यांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, असे बजावताना न्यायालयाने राज्यघटनेतल्या नागरिकांच्या कर्तव्यांचा आधार घेतला.

हा निकाल या भागाला फार लागला. घरच्या लेकरासारखा वाढवलेला बैल, त्याच्या छळाचा आरोप आपल्यावर, ही भावना गाडामालकांत खोल होती. ती खरीही होती. पण आरोपातही खरेपणा होता आणि तो मान्य केल्याशिवाय या दहा वर्षांचा इतिहास नीट कळत नाही. बक्षिसे मोठी होत गेली तशी काही घाटांत काठी आली, चाबूक आला, अणकुचीदार वस्तू आल्या, शेपट्या पिरगाळल्या जाऊ लागल्या. बैलावर माया करणारा मालक आणि बैलाला टोचणारा हात एकाच घाटात उभे असत आणि पहिल्याने दुसऱ्याला पुरेसे अडवले नाही. बाहेरच्या माणसाने येऊन बोट ठेवले तेव्हा ते दुखऱ्या जागेवरच पडले होते.

त्यानंतरची वर्षे घाटांना ओकीबोकी गेली. यात्रा भरत राहिल्या, पालख्या निघत राहिल्या, कुस्त्यांचे आखाडे झाले, पण दुसऱ्या दिवशीची गर्दी गेली. गाड्यांसाठी गावोगावचे पाहुणे मुक्कामाला येत, त्यांच्यावर भेळवाल्यांपासून मंडपवाल्यांपर्यंत अनेकांची चार पैशांची कमाई उभी होती. चैत्रात नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात आणि यात्रा कमिट्या तिथे येऊन सुपाऱ्या ठरवतात. दिवसा गाडे आणि रात्री तमाशा अशी जोडी असलेल्या यात्रेचा एक पाय गेला होता. बेल्ह्याचा बैलबाजार या भागात नावाजलेला. शर्यतीचा खोंड घेणारे गिऱ्हाईक आटले, तेव्हा खोंड वाढवणाऱ्यापुढेही प्रश्न उभा राहिला की शेतात काम नाही आणि घाटातही नाही, तर हा बैल कशासाठी वाढवायचा? खिलार जात टिकण्याशी शर्यतीचा संबंध आहे, हा मुद्दा गाडामालकांच्या संघटनांनी तेव्हापासून लावून धरला. बैल घेऊन मोर्चे निघाले, महामार्गावर ठिय्ये झाले. काही ठिकाणी बंदी मोडून गाडे पळाले आणि गुन्हे दाखल झाले.

केंद्राने ७ जानेवारी २०१६ रोजी नवी अधिसूचना काढून अटींसह शर्यतींना वाट दिली. धाव दोन किलोमीटरपेक्षा जास्त नसावी, ही त्यातली एक अट. घाटांवर माती पडायची तयारी सुरू होते न होते तोच, पाचच दिवसांत, १२ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. पुढच्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी लाखोंचा जमाव बसला आणि तमिळनाडूने स्वतःचा कायदा केला. तो धडा महाराष्ट्राने लगेच घेतला. एप्रिल २०१७ मध्ये विधिमंडळाने १९६० च्या कायद्याचे दुरुस्ती विधेयक मंजूर केले आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट ही तिन्ही नावे त्यात आली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शर्यत नाही आणि नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद झाली. नियमांनी धाव एक हजार मीटरवर बांधली आणि काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना मनाई केली.

तरीही घाट उघडले नाहीत. पुण्याचे अजय मराठे उच्च न्यायालयात गेले. नियम होईपर्यंत परवानगी देऊ नका, असे न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले. ऑक्टोबरमध्ये त्याही पुढे जाऊन ठरवले की, बैल शर्यतीसाठी घडलेला प्राणीच नसेल तर नियम करून ते बदलत नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे फेब्रुवारी २०१८ मध्ये सगळी प्रकरणे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेली आणि पुन्हा वाट पाहणे आले. तमिळनाडू आणि कर्नाटकात त्यांच्या कायद्यांनुसार खेळ चालू होते, महाराष्ट्रात मात्र बंद. हा दुजाभाव इथल्या माणसांना सर्वांत जास्त टोचत होता.

या काळात सरकारने पशुवैद्यक शास्त्रातल्या जाणकारांची समिती नेमून बैलाची पळण्याची क्षमता तपासून घेतली आणि तो अहवाल न्यायालयापुढे ठेवला. राजकारणही तापले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत शिरूर मतदारसंघात गाडा हा प्रचाराचा विषय होता. लांडेवाडीचे शिवाजीराव आढळराव पाटील आणि नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे, दोघेही उमेदवार याच मातीतले. ऑगस्ट २०२१ मध्ये सांगलीच्या आटपाडी तालुक्यात, खिलारांच्या मुलखात, झरे इथे आमदार गोपीचंद पडळकरांनी मनाई झुगारून शर्यत भरवली आणि प्रश्न पुन्हा राज्यभर गाजला.

१६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर, दिनेश माहेश्वरी आणि सी. टी. रविकुमार यांच्या पीठाने आदेश दिला. अंतिम निकाल घटनापीठ देईल, पण दोन राज्यांत सारखाच कायदा चालू असताना एकट्या महाराष्ट्रात तो रोखून धरणे योग्य नाही. २०१७ ची दुरुस्ती आणि तिचे नियम पाळून शर्यती घेता येतील. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर सगळीकडे त्या दिवशी भंडारा उधळला गेला. लांडेवाडीत १ जानेवारी २०२२ ला शर्यत ठरली. गाडे आले, माणसे आली आणि करोनाच्या नव्या लाटेमुळे प्रशासनाने ऐनवेळी परवानगी मागे घेतली. इतकी वर्षे थांबलेल्या माणसांना आणखी थांबावे लागले.

फेब्रुवारीत लांडेवाडीचा घाट वाजला. शेजारच्या खेड तालुक्यात निमगाव दावडीच्या खंडोबाच्या घाटात डॉ. कोल्हे यांनी गाड्यापुढे घोडी धरून निवडणुकीत दिलेला शब्द पाळला. जुन्या मालकांची नातवंडे तरुण झाली होती. ज्यांनी गाडे फक्त आजोबांच्या गोष्टीत आणि मोबाइलवरच्या जुन्या चित्रफितींत पाहिले होते ते पहिल्यांदा घाटाच्या कडेला उभे राहिले. बंदीआधी पळालेले बैल म्हातारे झाले होते किंवा गेले होते. नवी खोंडे शिकवणारे हात तेवढे जुने होते. ही विद्या लिहून ठेवलेली नव्हती, ती माणसांच्या अंगात होती, आणि आणखी दहा वर्षे गेली असती तर ती माणसांबरोबरच संपली असती.

१८ मे २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. निकाल न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस यांनी लिहिला. एखादा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवणे विधिमंडळाचे काम, असे त्यात म्हटले आहे. पण निकालाचा खरा कणा दुसऱ्याच मुद्द्यात आहे. नव्या कायद्यांनी आणि नियमांनी प्राण्यांच्या वेदना बऱ्याच अंशी कमी होतात म्हणून हे कायदे टिकले. नियमांची कठोर अंमलबजावणी झालीच पाहिजे आणि तिची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर आहे, असे न्यायालयाने बजावले. म्हणजे परंपरा आहे एवढ्यावर घाट उघडला नाही. काठी टाकण्याचे वचन दिले म्हणून तो उघडला.

गाडामालकांनी ही गोष्ट मनाशी पक्की बांधून ठेवावी. परवानगीनंतर बक्षिसे झपाट्याने फुगली. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत भरलेल्या शर्यतीत जेसीबीपासून चारचाकीपर्यंत बक्षिसे होती. गर्दी वाढली, प्रसिद्धी वाढली, नामांकित बैलांच्या खरेदीच्या बातम्या होऊ लागल्या. या कौतुकात आनंद आहेच. पण २०११ च्या आधी घाट बिघडले ते अशाच फुगवट्यात बिघडले होते. बक्षीस मोठे झाले की हरणे महाग होते आणि हरणे महाग झाले की हात काठीकडे जातो. बाहेरून कोणी तक्रार करण्याआधी घाटातल्या पंचांनी, निवेदकांनी आणि मालकांनीच तो हात धरला पाहिजे. टोचणारा गाडा बाद, मग तो कोणाचाही असो, एवढे एक वाक्य प्रत्येक यात्रा कमिटीने माइकवरून बोलावे आणि पाळावे. बैलांसाठी सावली, पाणी आणि डॉक्टर या गोष्टी परवानगीच्या कागदापुरत्या ठेवू नयेत. पळणे थांबलेल्या बैलाला मरेपर्यंत दावणीला ठेवणारी घरे या तालुक्यांत आहेत. त्यांचा मान घाटाच्या राजाइतका जाहीरपणे व्हायला हवा.

जुन्नर-आंबेगावच्या गाडामालकाने गाड्यावरचे फाजील वजन पिढ्यान्‌पिढ्या उतरवत आणले. हाताचा आणि काठीचा भार उतरवणे हे सर्वांत अवघड होते आणि ते कायद्याने शिकवले. न्यायालयात दहा वर्षे जो प्रश्न विचारला जात होता की बैल स्वतःहून धावतो का, त्याचे उत्तर कुठल्याही वकिलापेक्षा घाटच चांगले देऊ शकतो. चार बैलांची पावले जुळली आहेत, वर कोणी बसलेले नाही, मागे काठी नाही, आणि तरीही गाडा बारा सेकंदांत वर पोचतो, हे प्रत्येक यात्रेत, प्रत्येक बारीला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दिसत राहिले पाहिजे. तोवर हा शौक कोणाच्या मेहेरबानीवर राहणार नाही, तो आपल्या हक्काने उभा राहील.